नको असताना दिवस गेले तर... निर्णय सव्विसाव्या आठवड्यापर्यंत का लांबतो?

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका खटल्याने देशाचं लक्ष वेधून घेतलं होतं. अर्जदार २७ वर्षांची विवाहित स्त्री. पदरात दोन मुलं, थोरलं चार वर्षांचं आणि धाकटं जेमतेम वर्षाचं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिला गंभीर मानसिक आजार जडला होता, औषधं सुरू होती. बाळ अंगावर पीत होतं, त्यामुळे पाळी आलेली नव्हती. तिसऱ्यांदा दिवस गेलेत हे तिच्या लक्षातच आलं नाही. कळलं तेव्हा साधारण चोविसावा आठवडा लागला होता. डॉक्टरांनी कायद्याकडे बोट दाखवून हात वर केले आणि ती न्यायालयात गेली.

९ ऑक्टोबरला न्या. हिमा कोहली आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने तिला गर्भपाताची परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी कळवलं की, गर्भ जिवंत जन्मू शकतो, मग त्याचं हृदय थांबवायचं का ते सांगा. ११ ऑक्टोबरला त्याच दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले. न्या. कोहली यांनी परवानगीला नकार दिला, तर न्या. नागरत्ना म्हणाल्या की स्त्रीच्या निर्णयाचा मान राखला पाहिजे. प्रकरण तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या तीन सदस्यीय पीठापुढे गेलं. १६ ऑक्टोबरला परवानगी नाकारली गेली. तेव्हा गर्भ २६ आठवडे ५ दिवसांचा होता. बाळंतपणाचा खर्च सरकारने करावा, आणि मूल स्वतः वाढवायचं की दत्तक द्यायचं हे आईवडिलांनी ठरवावं, असं न्यायालयाने सांगितलं.

तेव्हा चर्चा रंगली ती स्त्रीचा हक्क मोठा की गर्भाचा जीव, यावर. प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण आम्हाला त्याआधीचा एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. हा निर्णय सव्विसाव्या आठवड्यापर्यंत का लांबला? असे निर्णय आपल्या घराघरांत का लांबतात? कारण सहाव्या-सातव्या आठवड्यात जे घरात शांतपणे, विचार करून ठरवता येतं, तेच सव्विसाव्या आठवड्यात देशातल्या सर्वोच्च न्यायमूर्तींनाही धड ठरवता येत नाही.

कायदा नेमकं काय म्हणतो?

आपल्याकडे दोन टोकाचे गैरसमज आहेत. काहींना वाटतं गर्भपात हा गुन्हाच आहे. काहींना वाटतं, पैसे टाकले की कधीही होतो. दोन्ही चूक.

मुळात भारतात गर्भपात करणं हा दंडनीय गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने, म्हणजे एमटीपी कायद्याने, त्याला अपवाद करून दिला. या कायद्याचा पाया घालणारी समिती १९६४ मध्ये नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह. त्या काळी दाईकडे, भोंदूकडे जाऊन बायका जीव गमावत होत्या. ते थांबवणं हा हेतू होता. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आज स्थिती अशी आहे :

- २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरेसं. गर्भनिरोधक साधन फसल्यामुळे दिवस गेले असतील, तर त्यातून होणारा मनस्ताप हा मानसिक आरोग्याला गंभीर इजा मानला जातो.
- २० ते २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि ते काही ठरावीक स्त्रियांसाठीच. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गंभीर अपंगत्व किंवा मानसिक आजार असलेल्या, आपत्तीत सापडलेल्या, आणि गरोदरपणातच विधवा झालेल्या किंवा तलाक झालेल्या स्त्रिया यात येतात. गर्भात गंभीर दोष असेल तर तेही कारण चालतं.
- २४ आठवड्यांनंतर फक्त गर्भात मोठं व्यंग असेल आणि वैद्यकीय मंडळाने तसं निदान केलं तरच. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं.
- आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गरज असेल तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही.

दोन गोष्टी प्रत्येक बहिणीने लक्षात ठेवाव्यात. एक, स्त्री सज्ञान असेल तर तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. तिच्या इच्छेविरुद्ध गर्भ पाडायला लावण्याचा अधिकारही कुणाला नाही, ना नवऱ्याला ना सासूला. दोन, तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ते फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा असंही सांगतो की डॉक्टरने मत देताना स्त्रीच्या आजूबाजूची परिस्थिती लक्षात घ्यावी. घरची गरिबी, आजारपण, अंगावर पिणारं मूल, मारहाण करणारा नवरा, हे सगळं त्यात येतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २४ आठवड्यांची सवलत अविवाहित स्त्रियांनाही लागू केली, आणि या कायद्यापुरतं नवऱ्याने केलेली जबरदस्तीही बलात्कारात धरली.

शरियतमधली मुदत

कायद्याला मुदत आहे, तशी फिक्हलाही आहे. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देणं आमचं काम नाही. पण पूर्वीच्या फुकहांनी काय म्हटलंय हे माहीत असणं गरजेचं आहे, कारण आपल्याकडे या विषयावर बहुधा एकच शब्द ऐकू येतो, 'हराम', आणि तिथेच बोलणं संपतं.

बुखारी आणि मुस्लिममधल्या हजरत इब्ने मसऊद (र.) यांच्या हदीसवरून बहुसंख्य उलेमांनी असं मानलं की १२० दिवसांनी गर्भात रूह फुंकली जाते. त्यानंतर गर्भपात हराम, याबाबत जवळपास एकमत आहे. आईचा जीव धोक्यात असणं हा अपवाद. त्याआधीच्या काळाबद्दल मात्र मतभेद आहेत. अनेक हनफी फुकहांनी वाजवी उज्र, म्हणजे सबळ कारण असेल तर १२० दिवसांच्या आत मुभा दिली. मालिकी मत बरंच कडक आहे. शाफईंमध्ये दोन्ही बाजू आहेत, इमाम गझाली यांनी तर सुरुवातीपासूनच विरोध केला. महाराष्ट्रात हा फरक पुस्तकातला नाही. कोकणी मुसलमान शाफई आहेत, तर घाटावर आणि मराठवाड्यात बहुतेक हनफी. म्हणजे रत्नागिरीतल्या आणि औरंगाबादेतल्या बहिणीला एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं मिळू शकतात. १९९० मध्ये मक्केतील फिक्ह परिषदेने गर्भात गंभीर, बरं न होणारं व्यंग असल्याचं विश्वासू डॉक्टरांनी सांगितलं तर १२० दिवसांच्या आत गर्भपाताला परवानगी दिली.

उज्र म्हणजे काय? १८३६ मध्ये वारलेले दमास्कसचे प्रसिद्ध हनफी फकीह इब्ने आबिदीन यांनी नोंदवलेलं एक उदाहरण पाहण्यासारखं आहे. बाई मुलाला पाजते आहे, तेवढ्यात पुन्हा दिवस जातात, दूध आटतं. दाई ठेवण्याची बापाची ऐपत नाही आणि पाळण्यातल्या मुलाचा जीव जाण्याची भीती आहे. अशा बाईची अडचण त्यांनी उज्र मानली. दोनशे वर्षांपूर्वीच्या किताबात ही बाई आहे, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात उभी राहिलेली बाईही तिच्यासारखीच आहे. फरक एवढाच की किताबातली बाई मुदतीच्या आत विचारायला आली होती.

आता हिशोब नीट समजून घ्या, कारण इथे पुष्कळ लोक चुकतात. फिक्हमधले १२० दिवस गर्भ राहिल्यापासून मोजतात, म्हणजे साधारण १७ आठवडे. डॉक्टर मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे दोन आठवडे आधीपासून. त्यामुळे डॉक्टरच्या कागदावर १९ आठवडे लिहिलेले असतात तेव्हा शरियतचे १२० दिवस भरत आलेले असतात. कायद्याची २० आठवड्यांची मुदत आणि फिक्हची मुदत यात फक्त आठवडाभराचं अंतर आहे. शरियत आणि कायदा इथे एकमेकांपासून फार लांब नाहीत. दोघंही एकच सांगतात, काय ते लवकर ठरवा.

मग वेळ जातो कुठे?

पहिला वेळ जातो कळण्यात. 'अंगावर पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत' हा आपल्या बायकांचा पक्का समज. हे अर्धसत्य आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, रात्रंदिवस फक्त आईच्याच दुधावर असेल आणि पाळी एकदाही आलेली नसेल, या तिन्ही अटी पूर्ण होत असतील तरच भरवसा ठेवता येतो. बाळाला वरचं दूध, पेज, बिस्किट सुरू झालं की तो भरवसा गेला. शंका आली की तपासणी करावी. 'निश्चय' नावाची तपासणी पट्टी सरकारी केंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळते.

दुसरा वेळ जातो सांगण्यात. पाळी दोन आठवडे चुकली तेव्हा डॉक्टरच्या हिशोबाने सहावा आठवडा असतो. पण बाई पहिले काही दिवस 'येईल, येईल' म्हणत काढते. मग नवऱ्याच्या मूडची वाट पाहते. नवरा यंत्रमागावर रात्रपाळीला किंवा आखाती देशात. सासूला सांगितलं तर बातमी मोहल्ल्यात. आईला सांगितलं तर तिला घोर. लग्न झालेलं नसेल तर विचारूच नका. यात दोन-तीन महिने सहज जातात.

तिसरा वेळ जातो दवाखान्यात. कुणी नवऱ्याला घेऊन या म्हणतं, कुणी सही मागतं, कुणी 'तीन महिने झाले, आता होत नाही' असं सांगून परत पाठवतं. यातलं काहीही कायद्यात नाही. शिवाय सोनोग्राफी, गर्भलिंगनिदान आणि गर्भपात यांची लोकांच्या डोक्यात सरमिसळ झालेली आहे. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं हा गुन्हा आहे आणि गुनाहही आहे. त्याला १९९४ चा वेगळा कायदा आहे. पण त्या धाकापोटी अडचणीतल्या बाईला दारातूनच परत पाठवणं हा न्याय नाही.

आणि मग बाई मेडिकलमधून चोरून गोळ्या आणते. २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार त्या वर्षी भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर गोळ्यांनी झाले. त्याच अभ्यासात असं दिसलं की देशातल्या सुमारे निम्म्या गर्भधारणा ठरवून झालेल्या नव्हत्या. म्हणजे 'हे आपल्याकडे होत नाही' असं म्हणायची सोय कुणालाच नाही. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतल्या तर सुरक्षित आहेत. पण किती आठवडे झालेत ते माहीत नसताना, गर्भ नळीत आहे का ते न पाहता, अंगात रक्त कमी असताना घेतल्या तर जिवावर बेततं. अतिरक्तस्राव, ताप किंवा असह्य पोटदुखी झाली तर लाज न बाळगता ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठावं.

उशीर झाला की बरोबर निर्णयही किती अवघड होतो, याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये बलात्कारपीडित १४ वर्षांच्या मुलीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. २२ एप्रिलला परवानगी मिळाली, तेव्हा तिसाव्या आठवड्याच्या आसपास दिवस भरले होते. पण इतक्या पुढे गेल्यावर मुलीच्या जिवाचं काय, या काळजीने आईवडिलांचं मन बदललं आणि २९ एप्रिलला न्यायालयाने आदेश मागे घेतला. गर्भवतीची संमती सर्वांत महत्त्वाची, हे मात्र न्यायालयाने ठामपणे नोंदवलं.

ठेवायचं ठरवलं, मग पुढे काय?

नको असताना दिवस गेले म्हणजे गर्भपातच करायचा, असं आमचं म्हणणं अजिबात नाही. असंख्य बायका पहिल्या धक्क्यानंतर, रडून-विचार करून, मूल ठेवायचं ठरवतात. त्यांचा निर्णय तितकाच आदराचा आहे. पण त्यांना 'अल्लाह रिज्क देणारा आहे' एवढं सांगून आपण मोकळे होतो. गरिबीच्या भीतीने औलादीला मारू नका, असा हुकूम कुरआनच्या सूरह अनआम आणि सूरह बनी इस्राईलमध्ये आहे, आणि रिज्कचा वायदाही तिथेच आहे. हा हुकूम आपल्याला मान्यच आहे. पण ज्याने गरीब बाईला ही आयत ऐकवली, त्याने तिच्या घरी रेशनही पोहोचवावं. तिच्या सोनोग्राफीचे पैसे, लोहाच्या गोळ्या, थोरल्या मुलाची फी, हे जकातीतून आणि बैतुलमालमधून का होऊ नये?

सरकारकडून जे मिळतं तेही घ्यावं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, सिझेरियन, जेवण आणि ये-जा करायची गाडी मोफत आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५ हजार, आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार रुपये मिळतात. तिसऱ्या बाळाला मात्र काही नाही, आणि ठरवून नसलेलं मूल बहुधा तिसरं किंवा चौथं असतं. ही उणीव समाजाने भरून काढायला हवी. मन फार खचलं असेल, नको नको ते विचार येत असतील, तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. बाळंतपणानंतरचा मानसिक आजार हा जिन्नाचा असर नसतो. त्याला औषध आहे.

तलाक झालेल्या गरोदर बहिणीचं काय? शरियतप्रमाणे तिची इद्दत बाळंतपणापर्यंत असते आणि तोवरचा खर्च नवऱ्यावर आहे. पुढे मुलाला पाजायचा मोबदलाही त्यानेच द्यायचा आहे, हे सूरह तलाकमध्ये आलं आहे. त्याने दिला नाही तर न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीला पोटगीच्या सर्वसाधारण कायद्याखालीही दाद मागता येते, असं स्पष्ट केलं.

आणि मूल जन्माला घालायचं पण वाढवणं शक्य नाही, असं असेल तर बालकल्याण समितीकडे ते कायदेशीररीत्या सोपवता येतं. मन बदललं तर ६० दिवसांच्या आत परतही घेता येतं. इस्लाममध्ये मुलाचं बापाचं नाव, नसब बदलायची मनाई आहे. पण परक्या मुलाचा सांभाळ करणं, कफालत, हे मोठ्या सवाबचं काम मानलं आहे. मूल उकिरड्यावर टाकण्याची किंवा कुणाच्या हातात गुपचूप देण्याची वेळ कुणावर येऊ नये.

पुरुषांशी दोन शब्द

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मुस्लिम स्त्रीमागे सरासरी मुलांचं प्रमाण १९९२-९३ मध्ये ४.४ होतं, ते २०१९-२१ मध्ये २.३६ वर आलं. लोकसंख्येचा बागुलबुवा दाखवणाऱ्यांना हे उत्तर आहे. आपल्या बायका कुटुंबाचा विचार करतात हे यावरून दिसतं. पण त्याच पाहणीत देशभराचं आणखी एक चित्र आहे. विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतली आहे, पुरुष नसबंदी फक्त ०.३ टक्के. निरोधचा वापर १० टक्क्यांच्याही आत. म्हणजे भार तिच्यावर, भीती तिला, आणि फसलं तर बोल तिलाच.

नसबंदीबद्दल उलेमांचे आक्षेप आहेत, ते आपल्या जागी. पण दोन मुलांत अंतर ठेवायला आडकाठी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात सहाबा अझ्ल करत असत, आणि बहुसंख्य फुकहांनी त्यासाठीही बायकोची संमती आवश्यक मानली. दूध तोडायचं का, यासाठी आईबापाने आपसांत सल्लामसलत करावी, असं सूरह बकरहमध्ये सांगितलंय. आईला मुलापायी त्रास देऊ नये, हेही तिथेच आहे. दूध तोडण्यासाठी जर मशवरा हवा, तर पुढचं मूल कधी, यासाठी नको?

आपण काय करू शकतो?

एक, निकाहाच्या आधी मुलामुलींना या गोष्टी सांगा. जिथे निकाहपूर्व समुपदेशन चालतं, तिथे एखाद्या लेडी डॉक्टरला बोलवा. दोन, इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात नवऱ्याच्या जबाबदारीवर बोलावं, आणि अशी अडचण घेऊन येणाऱ्या जोडप्याला फटकारण्याऐवजी आधी किती आठवडे झालेत ते विचारावं. तीन, मुफ्ती आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून प्रकरण समजून घ्यावं, नुसत्या फोनवर उत्तर देऊ नये. चार, प्रत्येक मोहल्ल्यात किमान एक आपा अशी असावी, जिच्याकडे कुठलीही लेकीसून निर्धास्त जाऊ शकेल आणि जिच्याकडून बातमी बाहेर जाणार नाही. पाच, बाळंतपणानंतर चाळिशी संपायच्या आत आशाताईंना भेटून पुढचं साधन ठरवा. तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन आणि आठवड्याची 'छाया' गोळी सरकारी केंद्रात मोफत आहे. अंगावर पाजताना कुठलं साधन केव्हा सुरू करायचं, ते तिथे विचारून घ्या.

हा निर्णय सोपा कधीच नसतो. मूल ठेवायचं असो वा नसो, शेवटी ओझं त्या एका स्त्रीलाच वाहायचं असतं आणि अल्लाहपुढे जाबही तिलाच द्यायचा असतो. तिच्या जागी आपण ठरवू शकत नाही. पण तिला खरी माहिती, चार शांत दिवस आणि पाठीवर हात आपण देऊ शकतो, आणि तेही वेळेत. नाही दिलं, तर तो जाब मात्र आपल्यालाही चुकणार नाही.